कोंबडीच्या पोटातलं जातं



आज आम्ही कोंबडीच्या पोटाविषयी बोलणार आहोत. विषय ऐकून हसू आलं असेल, तर हसून घ्या. आम्हालाही पहिल्यांदा हसूच आलं होतं. कोंबडी आपण रोज पाहतो. तिची अंडी विकून आपल्या हातात चार पैसे येतात, पाहुणा आला तर तिचाच रस्सा होतो. पण तिनं उचललेल्या दाण्याचं आत गेल्यावर काय होतं, हे आपल्याला कोणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. आम्हीही विचारलं नव्हतं. त्यात आमचं नुकसान झालं. तुमचं होऊ नये म्हणून हे बोलणं. मृग तोंडावर आला आहे, घराघरांत बियाण्याच्या थैल्या येऊन पडल्या आहेत, म्हणून आजचाच दिवस धरला. त्याचं कारण शेवटी सांगू.

आम्ही एका बचत गटातल्या दहा जणी. गाव पूर्णाकाठचं, खारपाणपट्ट्यातलं. आमच्या सगळ्यांच्या घरी पहिल्यापासून पाच-सहा गावठी कोंबड्या असायच्या. दिवसभर उकिरड्यावर, गोठ्यात, गंजीखाली हिंडायच्या आणि संध्याकाळी डालग्याखाली यायच्या. मग गटानं ठरवलं, कर्ज काढून सुधारित जातीची पिल्लं आणायची. टिनाचं शेड केलं, जाळी लावली. मुंगूस, मांजर, कुत्रं यांच्या भीतीनं कोंबड्या बाहेर सोडायच्याच नाहीत, असा नियम केला. खाद्य विकत घेणं परवडेना, तेव्हा घरची जवारी टाकली, घरचं सोयाबीन टाकलं. सोयाबीनमध्ये ताकद असते, हे सगळ्यांनीच ऐकलेलं.

चार महिने बरं चाललं. मग एकेक कोंबडी मलूल बसू लागली. वजन उतरू लागलं. एकीच्या गळ्याखाली लिंबाएवढा टणक गोळा लागला. “गयात गाठ आली वं माय,” असं एक जण रडवेली होऊन सांगत आली. कोणी म्हणे मर लागली, कोणी म्हणे नजर लागली, कोणी म्हणे पिल्लंच खराब दिली. गटात भांडण झालं. कर्जाचा हप्ता तर चुकणार नव्हता. शेवटी तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना आणलं. त्यांनी हातमोजे घालून, नुकतीच मेलेली एक कोंबडी आमच्यासमोर कागदावर उघडली आणि चोचीपासून शेवटापर्यंत एकेक भाग दाखवला. त्या अर्ध्या तासात जे कळलं, ते पुढं आम्ही विचारून, वाचून पक्कं केलं. तेच आज सांगतो.

चोचीपासून सुरुवात करू. कोंबडीला दात नाहीत. तिला चावता येत नाही. उचललेला दाणा जिभेनं मागं ढकलायचा आणि गिळायचा, एवढंच. पाणी पितानाही तसंच. चोच भरून घ्यायची, मान वर करायची आणि पाणी उतरू द्यायचं. लहानपणी आम्हाला वाटायचं, कोंबडी पाणी पिऊन देवाकडे पाहते. खरं म्हणजे तिला आपल्यासारखं ओढून पिता येत नाही. पारव्याला आणि होल्याला येतं. ते मान खाली ठेवूनच पाणी ओढतात. उन्हाळ्यात अंगणात पाणी ठेवत असाल, तर दोघांना पिताना पाहा, फरक लगेच दिसेल. म्हणून कोंबडीचं भांडं असं हवं, की चोच सहज बुडेल आणि मान वर करायला जागा राहील.

गिळलेला दाणा गळ्याच्या तळाशी एका पातळ पिशवीत येऊन थांबतो. कोंबडी साफ करताना छातीच्या वर, तिच्या उजव्या अंगाला, दाण्यांनी भरलेली जी थैली निघते, ती हीच. पुस्तकात तिला अन्नपुट म्हणतात, आपण थैलीच म्हणू. रानातल्या पक्ष्याला उघड्यावर फार वेळ थांबणं धोक्याचं. म्हणून भराभर खायचं, थैली भरून घ्यायची आणि आडोशाला जाऊन सावकाश पचवायचं, अशी सोय निसर्गानं केली आहे. थैलीत दाणा भिजतो, मऊ होतो. आपण डाळ भिजत घालतो, तसंच.

ही थैली म्हणजे कोंबडीची प्रकृती पाहण्याची खिडकी आहे. संध्याकाळी कोंबड्या आत घेताना गळ्याच्या तळाशी बोटांनी हलकेच चाचपा. थैली भरलेली आणि मऊसर लागली पाहिजे. सकाळी दाणे टाकण्याआधी पुन्हा चाचपा, ती रिकामी लागली पाहिजे. संध्याकाळी रिकामी असेल, तर कोंबडीनं खाल्लंच नाही, किंवा दुसऱ्या कोंबड्यांनी तिला खाऊ दिलं नाही. सकाळीही भरलेली आणि टणक असेल, तर आत काहीतरी अडकलं आहे. फुग्यासारखी लिबलिबीत लागली आणि चोचीला आंबूस वास आला, तर आत अन्न आंबलं आहे. नवीन आणलेल्या पिल्लांनाही हीच परीक्षा लावायची. आणल्यापासून चोवीस तासांत जवळजवळ प्रत्येक पिल्लाची थैली भरलेली आणि मऊ लागली पाहिजे. ज्याची लागत नाही, त्याला खाद्य-पाणी सापडलेलं नाही, असं समजा.

आमच्या कोंबडीची ती “गाठ” म्हणजे अडकलेली थैली होती. आत निघालं काय, तर वाळलेल्या गवताच्या लांब काड्या, पोत्याची सुतळी, आणि सरकीला चिकटून राहतो तसा कापसाचा पुंजका. आपल्या वऱ्हाडात दिवाळीनंतर घरात कापूस, अंगणात कापूस. कोंबडी त्यातली सरकी उचलते आणि धागा सोबत आत जातो. तो भिजून मऊ होत नाही, पुढंही सरकत नाही. त्याचा बोळा होतो आणि वर टाकलेला प्रत्येक दाणा त्याच्यावर साचतो. कोंबडी भरल्या गळ्यानं उपाशी मरते. असा गोळा लागला, तर त्या कोंबडीला वेगळं ठेवा, दाणे बंद करून पाणी द्या, थैली बाहेरून हळुवार चोळा आणि डॉक्टरांना दाखवा. काही जणी कोंबडीला उलटी धरून, गळा दाबून काढायला पाहतात. तसं करू नका. ते पाणी श्वासनळीत जातं आणि कोंबडी हातातच जाते.

थैलीतून दाणा पुढं जातो तो खऱ्या पोटात, आणि कोंबडीला पोटं दोन. पहिलं लहान, लांबट. त्याच्या भिंतीतून आंबट, जळजळीत रस सुटतो. दाणा तिथं फार थांबत नाही, रसात भिजून पुढं जातो. दुसरं पोट म्हणजे आपल्याला खाटकाकडे कलेजी-पेटा म्हणून मिळतो त्यातला पेटा. हे कोंबडीचं जातं. पेटा चिरलात की दोन बाजूंना जाड, लाल, घट्ट मांस दिसतं आणि आत पिवळी, चिवट साल असते. ती सोलून आपण फेकून देतो. ती साल म्हणजे जात्याचं अस्तर. दगड घासून मांसाला इजा होऊ नये म्हणून ते असतं. आणि दगड? ते कोंबडी बाहेरून गिळते. आपण पेटा उघडतो, तेव्हा त्यात बारीक खडे सापडतात. तो तिनं चुकून खाल्लेला कचरा नाही. तेच तिचे दात. मिनिटाला दोन-तीन वेळा पेटा आवळतो आणि सैल होतो, दाणे खड्यांत भरडले जातात. नीट भरडलं गेलं नाही, तर ते पुन्हा मागच्या पोटात रस घ्यायला जातं आणि परत जात्यात येतं. आपण एकदा दळून थांबतो, कोंबडी पीठ मनासारखं होईपर्यंत दळते.

या जात्याची ताकद किती असते, याचे प्रयोग अडीचशे वर्षांपूर्वी युरोपात झाले. स्पालान्झानी नावाच्या इटलीतल्या अभ्यासकानं सुया खोचलेल्या शिशाच्या गोळ्या पक्ष्यांना गिळायला लावल्या. नंतर पाहिलं, तर सुया मोडलेल्या आणि पेट्याला इजा नाही. त्याच्याआधी, 1752 मध्ये, फ्रान्सच्या रेओम्यूर यानं दुसरी बाजू दाखवली होती. त्यानं पाळलेल्या एका शिकारी पक्ष्याला, भोकं पाडलेल्या धातूच्या नळीत मांस भरून ती गिळायला दिली. पक्ष्यानं नळी ओकून टाकली. नळी दाबली गेली नव्हती, पण आतलं मांस विरघळू लागलं होतं. म्हणजे अन्न नुसतं दळून पचत नाही, रसानंही पचतं. कोंबडीच्या दोन पोटांनी ही दोन कामं वाटून घेतली आहेत. मात्र सुया मोडल्या म्हणून अंगणात खिळे, तारांचे तुकडे पडू देऊ नका. एखादा तुकडा जाताना भोक पाडतो आणि आपल्याला कळतही नाही.

आता आमची चूक. डॉक्टरीणबाईंनी मेलेल्या कोंबडीचा पेटा चिरला. आत अख्खी जवारी होती, खडा एकही नव्हता. आमच्या गटातल्या सगळ्यांत मोठ्या आजी तिथं बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “आमच्या येयी कोंबड्या उकिरड्यावर हिंडत, खडे-मडे सारं खात. तुमी तिले कोंडून ठेवलं अन् वरतून जवारी टाकली. बिना दगडाच्या जात्यात दयन कसं निंघन वं?” आम्ही गप्प बसलो. मोकळी कोंबडी आपले खडे आपण शोधते. दळलेलं तयार खाद्य खाणाऱ्या कोंबडीलाही खड्यांवाचून भागतं. पण कोंडलेली कोंबडी आणि अख्खं धान्य, असं जमवलं, तर खडे आपणच द्यायला हवेत.

त्यात आमच्या भागाची आणखी एक गोष्ट आहे. पूर्णेच्या खोऱ्यात काळी माती खोल. हात-दोन हात उकरलं तरी घट्ट दगड लागत नाही. जे पांढरट खडे सापडतात, ते बहुतेक चुनखडीचे. ते कोंबडीच्या पोटातल्या आंबट रसात विरघळतात, जात्याच्या दगडाचं काम करत नाहीत. कोणता खडा कोणता, हे घरी ओळखता येतं. खड्यावर लिंबू पिळा. फेस आला, बुडबुडे उठले, तर तो चुन्याचा. काहीच झालं नाही, तर तो दळणारा. गारगोटीचे तुकडे, जाडी रेती, काळ्या दगडाचा मुरूम चाळून त्यातले खडे, हे सगळं चालतं. मोठ्या कोंबडीला जवारीपासून तुरीच्या दाण्याएवढे, पिल्लांना जाड्या रेतीएवढे. एका जुन्या ताटलीत वेगळे ठेवून द्या. खाद्यात मिसळू नका. तिला हवे तेवढे ती घेते.

पण चुनखडीचा खडा टाकाऊ नाही. अंड्याचं कवच चुन्याचंच असतं आणि एका अंड्यासाठी कोंबडीला दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागतं. कवच चढायला वीसेक तास लागतात आणि त्यातले बरेच रात्रीचे, जेव्हा कोंबडी काही खात नाही. अशा वेळी संध्याकाळी खाल्लेला शिंपल्याचा किंवा चुनखडीचा जाडसर तुकडा पेट्यात थांबतो, रात्रभर हळूहळू विरघळतो आणि कवचाला चुना पुरवतो. पीठ करून दिलेला चुना लवकर निघून जातो. म्हणून अंड्यावरच्या कोंबडीला संध्याकाळी शिंपल्याचा चुरा द्या. शिंपले नसतील, तर घरातली अंड्यांची टरफलं भाजून, कुटून द्या. भाजून कुटायचं अशासाठी, की टरफल ओळखून तिला अंडं फोडायची सवय लागू नये. दोन गोष्टी मात्र पाळा. पानाला लावतो तो चुना कधी देऊ नका, तो जाळतो. आणि जादा चुना पिल्लांना देऊ नका, त्यांच्या मूत्रपिंडांना तो झेपत नाही.

पेट्यातून पीठ आतड्यात उतरतं. मोठ्या कोंबडीचं लहान आतडं दीड मीटरच्या आसपास, म्हणजे साधारण पाच फूट लांब. त्याच्या पहिल्या वळणात एक फिकट, लांबट ग्रंथी दबून असते, ते स्वादुपिंड. त्याचा रस आणि पित्त मिळून अन्नाचं रक्तात जाण्याजोगं रूप होतं. इथं आमचं सोयाबीन आडवं आलं. कच्च्या सोयाबीनमध्ये असा एक पदार्थ असतो, की तो स्वादुपिंडाच्या रसातल्या, प्रथिनं पचवणाऱ्या घटकाला बांधून टाकतो. कोंबडी खाते, पोट भरतं, पण अंगी लागत नाही. स्वादुपिंड बिचारं जास्त रस सोडायला पाहतं आणि सुजतं. म्हणजे आम्ही ताकद म्हणून जे घालत होतो, ते तिची ताकद काढून घेत होतं. उपाय साधा आहे. सोयाबीन नीट भाजा किंवा उकडा. उष्णतेनं तो पदार्थ मोडतो. कारखान्यातून तयार होऊन येणाऱ्या सोयाबीनच्या पेंडेला उष्णता दिलेली असते, म्हणून ती चालते. थैलीतलं कच्चं सोयाबीन ओंजळभरसुद्धा रोज टाकू नका.

तसंच सरकीच्या ढेपेचं. गाई-म्हशींसाठी आपल्या घरात ढेप असतेच. वाटतं, गाईला दूध येतं तर कोंबडीला अंडी का येऊ नयेत? पण गाईचं पोट वेगळं. गाय रवंथ करते. तिच्या पहिल्या मोठ्या पोटात असंख्य जिवाणू आधी अन्नावर काम करतात आणि सरकीतलं गॉसिपॉल नावाचं द्रव्य बरंचसं तिथंच निष्प्रभ होतं. कोंबडीला तसं पोट नाही. तिच्या अंगात ते गॉसिपॉल लोहाला बांधतं, वाढ खुंटवतं आणि अंड्यात उतरतं. अंडं चार दिवस ठेवलं, की बलक शेवाळी-तपकिरी दिसू लागतो. आमच्यातल्या एकीची अंडी गिऱ्हाइकानं परत आणून दिली होती. तेव्हा आम्ही अंड्यांना दोष दिला. दोष ढेपेचा होता.

बुरशीचंही असंच. पावसात सापडून काळी पडलेली जवारी, बुरसलेला मका, कोंदट वासाची शेंगदाण्याची पेंड, हे “माणसाला नको तर कोंबडीला टाका” असं आपण करतो. 1960 मध्ये इंग्लंडात एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी मेले. रोग कळेना. अखेर ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडेतल्या बुरशीचं विष सापडलं. त्यालाच आज अफ्लाटॉक्सिन म्हणतात. ते यकृतावर घाव घालतं. ते धुऊन जात नाही, भाजूनही जात नाही. बुरसलेलं धान्य कोंबडीला नको आणि पिल्लाला तर नकोच नको.

लहान आतडं संपतं तिथं बोटासारख्या दोन बंद पिशव्या असतात. उरलेला चोथा थोडा तिथं जातो आणि जिवाणू तो आंबवतात. म्हणून कोंबडीची विष्ठा दोन तऱ्हेची दिसते. नेहमीची घट्ट, वर पांढरी टोपी असलेली. आणि दिवसातून थोड्या वेळा येणारी, चॉकलेटी, चिकट, उग्र वासाची. दुसरी पाहून घाबरू नका, ती त्या पिशव्यांतली. घाबरायचं ते पिल्लांच्या विष्ठेत रक्त दिसलं तर, कारण त्या पिशव्यांना रक्ती हगवणीचा रोग होतो. हिरवी, पातळ विष्ठा आणि मान वाकडी होणं, हे मानमोडीचं म्हणजे राणीखेतचं लक्षण असू शकतं. त्याची लस वेळेवर द्यायला हवी. आणि बऱ्याच कोंबड्या एकदम मेल्या, तर स्वतः चिरून पाहू नका, कापून खाऊ नका, वाटू तर मुळीच नका. दवाखान्यात कळवा. 2006 मध्ये आपल्याच राज्यात, नवापूरला, बर्ड फ्लू आला होता, हे लक्षात असू द्या.

ती पांढरी टोपी म्हणजे कोंबडीची लघवी. पक्ष्यांना मूत्राशय नसतं. उडणाऱ्या जिवाला पाण्याचं ओझं बाळगून चालत नाही. म्हणून मूत्रपिंडं मळ गाळून पांढऱ्या लापशीसारखा करतात, त्याला यूरिक आम्ल म्हणतात. तो विष्ठेबरोबर एकाच वाटेनं बाहेर पडतो. अंडंही त्याच वाटेनं येतं. खारपाणपट्ट्यातल्या बायांनी इथं एक ध्यानात ठेवावं. कोंबडीला, त्यातही पिल्लांना, खारं पाणी सोसत नाही. विष्ठा पातळ होते, खाली ओल राहते आणि ओलीतून रोग येतात. विहिरीचं पाणी मचूळ असेल, तर पिल्लांना नळाचं गोडं पाणी ठेवा.

आता कोंबडी सोडून थोडं बाहेर पाहू. ज्याचं जसं खाणं, तसं त्याचं पोट. दाणे खाणाऱ्या मोराचं, होल्याचं जातं जाड. पारव्याची थैली तर पिल्लांसाठी दूधही करते. नर आणि मादी दोघांच्या थैलीचं अस्तर दह्यासारखं सुटतं आणि ते पिल्लांना भरवतात. राघू मिरची कुरतडतो, पण तिची आग त्याला जाणवतच नाही. आपल्या मेळघाटात रानपिंगळा राहतो. 1884 नंतर तो कोणाला दिसला नव्हता, नामशेष झाला असंच धरलं होतं. 113 वर्षांनी, 1997 मध्ये, तो आपल्याच राज्यात शहाद्याकडे पुन्हा सापडला. घुबडांच्या कुळातला हा पक्षी छोटी शिकार अख्खी गिळू शकतो आणि न पचलेली हाडं, केस यांची गोळी करून ओकून टाकतो. मांस खाणाऱ्यांना जातं लागत नाही, त्यांचा भर रसावर.

आणि गिधाड? त्याच्या पोटातला रस इतका तीव्र, की सडलेलं मांस आणि त्यातले रोगजंतू तो पचवून टाकतो. ढोर मेलं की आभाळातून गिधाडं उतरायची, हे आमच्यातल्या मोठ्यांनी पाहिलेलं आहे. आमच्या पोरांनी पाहिलेलं नाही. गुरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक नावाचं औषध दिलं जायचं. असं औषध अंगात असलेलं जनावर मेलं, गिधाडांनी खाल्लं, आणि त्यांची मूत्रपिंडं बंद पडली. आत्ता सांगितलेलं ते पांढरं यूरिक आम्ल बाहेर पडेना, ते त्यांच्या काळजावर, यकृतावर साचलं. पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात शंभरातली नव्व्याण्णवच्या वर संपली. 2006 मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली, पण तोवर आभाळ रिकामं झालं होतं. सडकं मांस पचवणाऱ्या पोटाला माणसाचं एक औषध पचलं नाही.

म्हणूनच आजचा दिवस धरला. तुमच्या घरात आलेल्या कापसाच्या बियाण्याला रंगीत औषध लावलेलं असतं. सोयाबीनलाही आपण घरी बीजप्रक्रिया करतो. पेरणी झाली, की उरलेलं मूठभर बियाणं उकिरड्यावर जातं, थैली अंगणात झटकली जाते आणि बांधावर सांडलेले दाणे तसेच राहतात. कोंबडीला ते दाणे म्हणूनच दिसतात. तिच्यापाशी दात नाहीत, चावून चव घेऊन थुंकायची सोय नाही. दाणा सरळ थैलीत जातो, भिजतो आणि औषध सुटू लागतं. पुढं जात्यात दळलं जातं, म्हणजे कणाकणातलं औषध बाहेर येतं. थायरमसारख्या बुरशीनाशकानं अंड्यांची कवचं मऊ पडतात आणि पिल्लांचे पाय वाकतात. कीटकनाशकाचा मोठा घास झाला, तर कोंबडी लडखडते आणि मरते. मोर आणि होले तर शेतातच मरतात, त्यांचा हिशेब कोणी ठेवत नाही.

तेव्हा उरलेलं औषधाचं बियाणं खोल खड्ड्यात पुरा, विहिरीपासून आणि नाल्यापासून लांब. सांडलेले दाणे मातीनं झाका. रिकाम्या थैलीत पोरांचं वा कोंबड्यांचं काही भरू नका. पेरणीच्या आठवड्यात कोंबड्या कोंडा आणि कोंडाल तेव्हा खड्यांची ताटली ठेवा. औषधाचं बियाणं खाऊन मेलेली कोंबडी हळद-मीठ लावून शिजवू नका. तिच्या पोटातलं ते तुमच्या ताटात येतं.

आमच्या गटाचं काय झालं, हे तुम्ही विचाराल. बारा कोंबड्या गेल्या, त्या गेल्याच. उरलेल्यांना आम्ही दुपारनंतर तीन तास बाहेर सोडतो, दोघी जणी पाळीनं राखण करतात. जवारी भरडून देतो, सोयाबीन भाजून. सरकीची ढेप बंद. मुरमाची ताटली वर्षभर, शिंपल्याचा चुरा अंड्यावरच्यांना. सकाळ-संध्याकाळ थैली चाचपायचं काम पोरींनी मागून घेतलं आहे. हप्ते उशिरानं का होईना, फिटत आले. आणि भांडण मिटलं, कारण दोष कोणाचा ते कळलं. तो पिल्लांचा नव्हता, नजरेचाही नव्हता.

काही अडलं, तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. अकोल्यात पशुवैद्यकाची स्नातकोत्तर संस्था आहे, पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. तिथली माणसं आपल्यासाठीच आहेत, विचारायला लाजू नका. आज संध्याकाळी कोंबड्या डालग्याखाली घेताना मात्र एकीला हातात धरा आणि गळ्याच्या तळाशी बोट लावून पाहा. सकाळी पुन्हा पाहा. काय लागलं, ते आम्हाला पुढच्या खेपेला सांगा.